वाचकांचे प्रश्न : महापौर ठरवायचा कोणी?

प्रश्न : एके काळी युरोपात शहरांचे महापौर राजा किंवा मध्यवर्ती सरकारच नेमीत असे, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? आणि खरे असल्यास हातात असलेला असा अधिकार कोणतेही सरकार आपण होऊन का सोडील?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : खरे आहे. काही देशांत तो अधिकार सरकारने आजही पूर्णपणे सोडलेला नाही. या विषयाचा सर्वांत बोलका इतिहास फ्रान्सचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

राज्यक्रांतीच्या पहिल्या उत्साहात, डिसेंबर १७८९ च्या कायद्याने, गावोगावचे महापौर तेथील मतदारांनी निवडावेत असे ठरले. फ्रान्समध्ये लहानशा खेड्याच्या प्रमुखालाही महापौराचाच हुद्दा असतो, हे येथे लक्षात ठेवावे. ही व्यवस्था जेमतेम दहा वर्षे टिकली. फेब्रुवारी १८०० मध्ये नेपोलियनने प्रत्येक जिल्ह्यावर प्रीफेक्ट नावाचा सरकारी अधिकारी बसवला आणि महापौरांची नेमणूक वरून सुरू केली. पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावांचे महापौर तो स्वतः नेमी आणि त्याहून लहान गावांचे प्रीफेक्ट नेमी. १८३१ मध्ये तडजोड झाली. नेमणूक राजाकडे किंवा प्रीफेक्टकडेच राहिली, मात्र महापौर निवडून आलेल्या सदस्यांपैकीच असावा, असे बंधन आले. १८४८ च्या क्रांतीनंतर सहा हजारांखालील गावांना आपला महापौर निवडण्याची मुभा मिळाली. पण नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याने सत्ता हाती घेताच ती काढून घेतली आणि १८५५ च्या कायद्याने तर सभागृहाबाहेरचा माणूसही महापौर म्हणून बसवण्याची सोय करून ठेवली. १८७१ मध्ये वीस हजारांपर्यंतच्या गावांना निवडणूक परत मिळाली. १८७४ मध्ये पुराणमतवादी मंत्रिमंडळाला धास्ती वाटली आणि नेमणूक पुन्हा सरकारकडे गेली. १८७६ मध्ये जिल्हा व तालुक्याची मुख्य ठिकाणे वगळून ती पुन्हा सैल झाली आणि अखेर मार्च १८८२ च्या कायद्याने पॅरिस सोडून सर्वत्र महापौर सभागृहाने निवडावा, हे कायम झाले.

या ऐंशी-नव्वद वर्षांच्या हेलकाव्यांत एक सूत्र दिसते. ज्या सरकारला स्वतःच्या पायाखालची जमीन भुसभुशीत वाटली, त्याने आधी महापौर आपल्या मुठीत घेतले. याचे कारण त्या पदाच्या स्वरूपात होते. फ्रान्समधील महापौर दुहेरी नोकर असे. एका बाजूने तो गावाचा कारभारी आणि दुसऱ्या बाजूने सरकारचा गावातला प्रतिनिधी. जन्ममृत्यूच्या नोंदी, विवाह, मतदारयाद्या, कायद्यांची दवंडी, हे सगळे त्याच्या सहीने होत असे. मतदारयादी ज्याच्या हाती, तो निवडणुकीत किती उपयोगी पडतो, हे बेळगावच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. सरकारने अधिकार सोडला, कारण त्याची गरज उरली नव्हती. प्रीफेक्ट जागेवरच होता. एप्रिल १८८४ च्या नगरपालिका कायद्याने निवडून आलेल्या महापौराला निलंबित करण्याचे आणि पदावरून दूर करण्याचे अधिकार सरकारने आपल्याकडे राखून ठेवले आणि पालिकांचे अनेक निर्णय प्रीफेक्टच्या संमतीशिवाय अमलात येत नसत. ही पालकगिरी मार्च १९८२ च्या कायद्यापर्यंत चालली. म्हणजे महापौर निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाल्यावर ते वापरण्याचे स्वातंत्र्य यायला आणखी शंभर वर्षे लागली.

पॅरिसला तर तेवढेही मिळाले नव्हते. १८७१ चा पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडल्यावर राजधानीचे महापौरपदच नाहीसे करण्यात आले आणि शहराचा कारभार दोन प्रीफेक्टांकडे गेला. एक नगरकारभाराचा, दुसरा पोलिसांचा. पुढचा महापौर, झाक शिराक, १९७७ साली निवडून आला. शतकाहून अधिक काळ जगातल्या एका मोठ्या नगरीला महापौर नव्हता, आणि हे सारे लोकशाही प्रजासत्ताकात घडले.

नेदरलँड्समध्ये महापौर आजही राजाज्ञेने सहा वर्षांसाठी नेमला जातो. तेथील नगरसभा नावाची शिफारस करते आणि व्यवहारात ती मानली जाते. २०१८ मध्ये ही नेमणुकीची तरतूद राज्यघटनेतून काढण्यात आली, परंतु साध्या कायद्यात ती कायम आहे. इटलीत मुसोलिनीने १९२६ पासून निवडून आलेले महापौर घालवून राजाज्ञेने नेमलेले 'पोदेस्ता' बसवले, हे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. त्याचा विस्तार करीत नाही.


प्रश्न : आपल्यासारखा भाषिक सीमावाद असलेल्या दुसऱ्या एखाद्या देशात महापौरपदावरून असेच राजकारण झाले आहे काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : झाले आहे, आणि ते वाचताना नावे तेवढी परकी वाटतात. देश बेल्जियम. उत्तरेला डच बोलणारा फ्लँडर्स, दक्षिणेला फ्रेंच बोलणारा वालोनिया. १९६२ च्या कायद्याने या दोहोंमधली भाषिक सीमा पक्की करण्यात आली. त्या आखणीत फूरेन नावाचा सहा खेड्यांचा लहानसा प्रदेश फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिंबुर्ग प्रांताला जोडण्यात आला. फ्रेंच मंडळी त्यालाच फूरों म्हणतात. रहिवाशांपैकी बऱ्याच जणांना हे मान्य नव्हते. 'लिएजला परत' हेच नाव घेऊन त्यांनी स्थानिक निवडणुकीसाठी गट उभा केला आणि १९८२ च्या निवडणुकीत त्या गटाला बहुमत मिळाले.

बेल्जियममध्ये त्या काळी महापौर राजाच्या, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या, आज्ञेने नेमला जाई. बहुमताच्या गटाने जोझे आपार यांचे नाव दिले. आपार फ्रेंचभाषक होते आणि आपले डच भाषेचे ज्ञान तपासू देण्यास ते तयार नव्हते. नेमणूक झाली खरी. पण डचभाषक प्रदेशातील महापौराला डच आलीच पाहिजे, या मुद्द्यावर तेथील राज्य परिषदेने, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, सप्टेंबर १९८६ मध्ये ती रद्द केली. त्यावर बहुमताच्या गटाने त्यांनाच पुन्हा पुढे करायचे आणि नेमणूक न झाल्यास त्यांनी प्रभारी म्हणून काम पाहायचे, असा फेरा सुरू झाला. चार-पाच हजार वस्तीच्या गावाचा हा वाद चिघळत राजधानीपर्यंत गेला आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये विल्फ्रिड मार्टेन्स यांचे मंत्रिमंडळ त्यावरून कोसळले. सीमाभागाचा प्रश्न हा मूठभर लोकांचा हट्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वाचावे.

पुढे महापौर नेमण्याचा अधिकार केंद्राकडून प्रादेशिक सरकारांकडे आला. लोकशाहीच्या दृष्टीने हे एक पाऊल पुढे म्हणावे, तर ब्रसेल्सच्या वेशीवरील फ्रेंचभाषकांचा अनुभव उलटाच झाला. तेथील लिंकेबेकसह तीन गावे फ्लँडर्सच्या हद्दीत असली, तरी त्यांत फ्रेंचभाषकांचे मोठे बहुमत आहे. २००६ च्या निवडणुकीनंतर तिन्ही ठिकाणी बहुमताने पुढे केलेल्या महापौरांची नेमणूक करण्यास फ्लँडर्सच्या गृहमंत्र्यांनी २००७ मध्ये नकार दिला. कारण काय, तर त्यांनी फ्रेंचभाषक मतदारांना मतदानाची पत्रे फ्रेंचमध्ये पाठवली होती. युरोप परिषदेच्या स्थानिक संस्थाविषयक शाखेने २००८ मध्ये, या तिघांची नेमणूक विनाविलंब करावी, अशी शिफारस केली. तिचा उपयोग झाला नाही आणि ही मंडळी वर्षानुवर्षे 'प्रभारी महापौर' म्हणून काम करीत राहिली. काम तेच, सह्या त्याच, हुद्दा मात्र नाही.

येथे तारतम्यही ठेवले पाहिजे. त्या भागाची भाषा म्हणून जी कायद्याने ठरली आहे, ती महापौराला यावी, ही अपेक्षा मुळातच अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. कन्नड शिकण्याला बेळगावातील मराठी माणसाचा विरोध कधी नव्हता. बाजारपेठेत निम्मे व्यवहार दोन्ही भाषांत होतात. आक्षेप आहे तो मतदारांनी दिलेला कौल भाषेच्या निकषावर अडवून ठेवण्याला.

तुर्कस्तानचे उदाहरण याहून कठोर आहे. कुर्दीभाषक आग्नेय भागातील दियारबाकिर, मार्दिन व वान या तीन मोठ्या शहरांचे महापौर मार्च २०१९ मध्ये निवडून आले आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने त्यांना पदावरून दूर करून त्यांच्या जागी प्रांतांच्या राज्यपालांनाच विश्वस्त म्हणून बसवले. अशी सुरुवात तेथे २०१६ पासूनच झाली होती.


प्रश्न : इंग्रजी अमदानीत बेळगावसारख्या शहराचा नगराध्यक्ष कसा ठरत असे?
– एक निवृत्त शिक्षक, वडगाव

उत्तर : आज आपण ज्याला बेळगाव शहर म्हणतो, तेथे त्या काळी तीन वेगवेगळी राज्ये नांदत होती, असे म्हटले तरी चालेल. मूळ बेळगाव इंग्रजी अमलाखालील मुंबई इलाख्यात होते. लागून असलेले शहापूर सांगली संस्थानचे होते. कॅम्प लष्कराच्या ताब्यात होता. शहापूरच्या पेठेत साडी विकत घेणारा माणूस पटवर्धनांच्या राज्यात उभा असे आणि थोडे चालून तो राणीच्या राज्यात येई. त्यामुळे 'बेळगावचा नगराध्यक्ष' या शब्दांनी त्या काळी शहराच्या एकाच भागाचा बोध होत असे.

इंग्रजी भागातील नगरपालिकांवर आरंभी कलेक्टरचेच अध्यक्षपद असे. इतर सदस्यही सरकारने नेमलेले असत. शहरातील चार प्रतिष्ठित व्यापारी, वकील, इनामदार यांना बोलावून कलेक्टरसाहेब सभा घेत आणि सभेचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असे. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने हे बदलण्याचा पहिला गंभीर प्रयत्न झाला. स्थानिक मंडळांत बिनसरकारी सदस्य बहुसंख्य असावेत, शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा आणि सरकारने आत बसून हुकूम सोडण्यापेक्षा बाहेरून देखरेख ठेवावी, असे त्याचे सार होते. फ्रान्समध्ये महापौर निवडीचा कायदा झाला तो मार्च महिन्यात आणि हा ठराव आला मे महिन्यात, हा योगायोगच. ठराव उदार होता. पण अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती, त्या कलेक्टरांना त्याची घाई नव्हती. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने निवडलेले सदस्य आले, तरी अध्यक्ष निवडण्याची परवानगी पालिकेला द्यायची की नाही, हे सरकार ठरवी. १९०७ मध्ये नेमलेल्या विकेंद्रीकरण आयोगालाही पुन्हा तीच शिफारस करावी लागली, यावरून रिपन यांच्या ठरावाचे पाव शतकात काय झाले, ते समजते. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आल्यानंतर नगराध्यक्षांची निवडणूक हा नियम झाला.

मुंबई शहराचा मार्ग वेगळा होता आणि आजच्या बेळगावचे दुखणे समजून घ्यायचे तर तो पाहावा लागतो. १८६५ मध्ये तेथे सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे जवळपास सर्व कारभार देण्यात आला. आर्थर क्रॉफर्ड हे ते आयुक्त. त्यांनी कामे पुष्कळ केली आणि खर्चाची शिस्त मोडली, त्यामुळे मोठा गहजब झाला. पुढे १८८८ च्या कायद्याने जी व्यवस्था स्थिरावली तिच्यात निवडून आलेल्या सदस्यांचे सभागृह, त्यांनी निवडलेला अध्यक्ष आणि सरकारने नेमलेला आयुक्त असे तीन भाग होते. कार्यकारी सत्ता आयुक्तापाशी राहिली. ही व्यवस्था साहेबाने लादली, असे सरसकट म्हणता येत नाही. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा आणि त्याच्यावर निवडून आलेल्या सभागृहाचा अंकुश असावा, अशी बाजू फिरोजशहा मेहतांनी १८७१ मध्येच मांडली होती. त्यांच्या कल्पनेतला अंकुश मात्र पुढे बोथट झाला. १९३१ मध्ये मुंबईच्या अध्यक्षाला महापौर ही पदवी मिळाली. पदवी वाढली, अधिकार होते तेवढेच राहिले.

याला एक अपवाद कलकत्त्याचा. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या १९२३ च्या कायद्याने तेथील सभागृहाला महापौर तर निवडता येऊ लागलाच, शिवाय मुख्य कार्यकारी अधिकारीही निवडता येऊ लागला. १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून तरुण सुभाषचंद्र बोस यांना आणले. त्या नेमणुकीलाही प्रांतिक सरकारची मंजुरी लागलीच, आणि काही महिन्यांतच सरकारने बोसांना अटक केली.


प्रश्न : महापौर तर नगरसेवकच निवडतात. मग बेळगावच्या महापौर निवडीत सरकारचा हात असतो, असे जे वडीलधारी मंडळी म्हणतात, ते कोणत्या अर्थाने?
– एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : कायद्यात आज 'नेमणूक' हा शब्द कोठेही नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यामुळे पालिकांना पाच वर्षांची मुदत मिळाली, बरखास्तीपूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळाली आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक घेण्याचे बंधन आले. मात्र महापौर कसा निवडायचा, हे ठरवणे घटनेने राज्यांच्या कायदेमंडळांवर सोपवले आहे. कर्नाटकात १९७६ च्या महानगरपालिका कायद्याप्रमाणे महापौराची मुदत अवघे एक वर्ष आहे. महाराष्ट्रात ती अडीच वर्षे आहे.

निवडीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सुभाषनगरातील महापालिकेच्या सभागृहात अध्यक्षस्थानी असतात प्रादेशिक आयुक्त, म्हणजे राज्य सरकारचे महसुली अधिकारी. सभेची तारीख तेच काढतात. सकाळी अर्ज, त्यांची छाननी, माघार, आणि मग उमेदवाराचे नाव पुकारल्यावर सदस्यांनी हात वर करायचे. अधिकारी ओळीने मोजत जातात. अठ्ठावन्न नगरसेवकांबरोबर शहराशी संबंधित खासदार व आमदार यांनाही मत असते. या साऱ्या कामकाजात नगरसेवकाच्या हाती असते ते केवळ हात वर करणे. सभा कधी व्हायची, पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव असायचे आणि निवडलेला महापौर पुढे काय करू शकेल, या तिन्ही गोष्टी सभागृहाबाहेर ठरतात.

तारखेचे पाहा. बेळगावात सप्टेंबर २०२१ मध्ये प्रथमच पक्षचिन्हांवर निवडणूक झाली आणि भारतीय जनता पक्षाला ३५ जागा मिळाल्या. सभागृहाची पहिली सभा होऊन महापौर म्हणून शोभा सोमनाचे निवडून आल्या त्या ६ फेब्रुवारी २०२३ रोजी. मधले सतरा महिने निवडून आलेले अठ्ठावन्न जण नगरसेवक म्हणून मिरवू शकत होते, ठराव मात्र एकही करू शकत नव्हते. गटारी, पाणी, पथदिवे यांसाठी लोक त्यांच्याच दारात येत आणि कारभार प्रशासकाकडे असे. हे विलंबाचे दुखणे एका पक्षाचे वा एका भाषेचे नाही, हे मुद्दाम सांगतो. या वेळी बहुमत राज्यातील सत्ताधारी पक्षाचेच होते. याआधी मार्च २०१३ मध्ये मराठी गटाला बहुमत मिळाले होते, तेव्हाही महापौर निवडीला सुमारे वर्षभर लागले. पाच वर्षांची मुदत पहिल्या सभेपासून मोजली जाते, त्यामुळे नगरसेवकांचे यात फारसे बिघडत नाही. तेवढा काळ बिनमहापौराचे राहतात ते शहरातले लोक.

आरक्षणाचा मुद्दा नाजूक आहे. महापौरपद अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग व महिला यांना आळीपाळीने मिळावे, ही तरतूद घटनेतच आहे आणि ती योग्य आहे. प्रश्न असतो तो कोणत्या वर्षी कोणत्या शहराला कोणता प्रवर्ग, हे ठरवणाऱ्या तक्त्याचा. हा तक्ता सरकार काढते. २०१८ मध्ये सभागृहात बहुमत मराठी गटाचे होते. पद अनुसूचित जमातीसाठी राखीव झाले आणि त्या प्रवर्गाचा सदस्य मराठी गटात नसल्याने बसप्पा चिक्कलदिन्नी महापौर झाले. चिक्कलदिन्नी यांचा तो हक्कच होता, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण बहुमत एकाचे आणि महापौर दुसऱ्याचा, हा प्रकार एका अधिसूचनेने घडू शकतो, एवढे यातून दिसले.

तिसरी गोष्ट बरखास्तीची, आणि येथे बेळगावचा इतिहास राज्यातील इतर शहरांपेक्षा वेगळा होतो. २००५ साली विजय मोरे महापौर असताना सभागृहाने बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात समाविष्ट करावा, असा ठराव केला. नोव्हेंबरात बंगळूरमध्ये महापौरांच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली. २०११ मध्ये महापौर मंदा बाळेकुंद्री व उपमहापौर रेणू किल्लेकर यांनी १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातील मराठी भाषक जो काळा दिन पाळतात त्याच्या फेरीत भाग घेतल्यावरून वाद झाला आणि डिसेंबरमध्ये पालिका पुन्हा बरखास्त झाली. नंतरची निवडणूक झाली मार्च २०१३ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या जागी सुमारे पंधरा महिन्यांनी.

ज्या पदाला पालिका आयुक्ताची बदलीही करता येत नाही, त्या पदावर सरकारची एवढी नजर का, असे आपल्याला वाटेल. फ्रान्सच्या सरकारला महापौर हवा होता कारण मतदारयादी त्याच्या हाती होती. आपल्याकडे कारभार आयुक्तामार्फत आधीच सरकारच्या हाती आहे. बेळगावच्या महापौराकडे उरते ते सभागृहाचे अध्यक्षपद, म्हणजे ठराव मांडू द्यायचा की नाही हा निर्णय आणि शहराच्या नावाने बोलण्याचा मान. १९५६ पासून वादात असलेल्या आणि २००४ पासून ज्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे अशा शहरात हे पोकळ वाटणारे अधिकारच जड ठरतात. गटारीच्या ठेक्यावरून महापालिका बरखास्त झाल्याचे बेळगावात कोणाला आठवत नसेल. बरखास्ती ओढवली ती एका कागदी ठरावाने आणि एका फेरीने. माझ्या मते शहराच्या नावाने कोणी बोलायचे, हाच येथे खरा वाद आहे आणि नेमणूक, आरक्षण, तारीख ही त्याची बदलती हत्यारे आहेत.


प्रश्न : आम्ही कॅम्पात राहतो. आमचा महापौर कोण?
– एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर : आपला महापौर नाही. बेळगावात केंद्र सरकारने थेट ठरवलेला नगरप्रमुख पाहायचा असेल, तर तो आपल्याच कॅन्टोन्मेंट बोर्डात आहे. २००६ च्या छावणी कायद्याप्रमाणे बोर्डाचे अध्यक्षपद त्या ठिकाणच्या लष्करी अधिकाऱ्याकडे हुद्द्यामुळेच येते. मुख्य कार्यकारी अधिकारीही संरक्षण खात्याच्या सेवेतील असतो. लोकांनी निवडलेले सदस्य आपल्यातून उपाध्यक्ष तेवढा निवडतात. २०२१ च्या आरंभी देशभरातील बोर्डांची मुदत संपल्यावर निवडणुकांऐवजी केंद्राने एकेक नागरी सदस्य नामनियुक्त करण्याचा मार्ग घेतला. एप्रिल २०२३ साठी जाहीर झालेल्या निवडणुका त्या होण्यापूर्वीच रद्द झाल्या, कारण छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या पालिकांत सामील करण्याचा विचार पुढे आला. तसे झाले, तर आपणही सुभाषनगरच्या सभागृहाकडे डोळे लावून बसणाऱ्यांत सामील व्हाल.


प्रश्न : आमच्यासारख्या लहान गावांतही निवडणूक होऊन नगराध्यक्षाविना महिनोन्‌महिने जातात. यावर साध्या नागरिकाने काय करावे?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : लहान गावांना १९६४ चा कर्नाटक नगरपालिका कायदा लागू आहे. नगराध्यक्षाची मुदत तीस महिन्यांची असते आणि आरक्षणाचा तक्ता येथेही सरकारच काढते. २०१८ मध्ये निवडून आलेल्या राज्यातील अनेक नगरपालिका व नगरपंचायतींना आरक्षणावरील दाव्यांमुळे २०२० च्या अखेरीपर्यंत अध्यक्ष मिळाले नाहीत, आणि पुढच्या तीस महिन्यांसाठीचा तक्ता २०२३ च्या उन्हाळ्याऐवजी ऑगस्ट २०२४ मध्ये आला. म्हणजे हा अनुभव आपल्या एकट्या गावाचा नाही.

उपाय थोडे आहेत, पण आहेत. पहिला, माहितीच्या अधिकाराचा अर्ज. त्यात 'अध्यक्ष का नाही' असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. आरक्षणाची अधिसूचना कोणत्या तारखेला निघाली, ती कार्यालयात कोणत्या तारखेला पोचली, सभेच्या नोटिशीचा मसुदा कोणत्या टेबलावर आहे आणि त्यावर कोणता शेरा आहे, असे कागद मागावेत. न्यायालयात दावा असल्यास त्याचा क्रमांक आणि स्थगितीच्या आदेशाची प्रत मागावी, कारण 'कोर्टात आहे' हे तोंडी उत्तर पुष्कळदा स्थगिती नसतानाही दिले जाते. दुसरा, निवडून आलेल्या सदस्यांनी एकत्रित सह्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्यावी. पुढे न्यायालयात जायचे झाल्यास आधी दाद मागितल्याचा तोच पुरावा असतो. तिसरा, उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ. खानापूरहून ते दूर नाही. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, पालिकांच्या निवडणुका मुदतीत घेणे घटनेने बंधनकारक आहे, असे स्पष्ट केले आहे. तो निकाल सदस्यांच्या निवडणुकीबद्दल आहे, अध्यक्षाच्या निवडीबद्दल नाही. त्यामुळे वकिलाने त्याचा आधार घेताना सदस्यांचे सभागृहच भरू दिले जात नसेल तर त्या निवडणुकीला अर्थ काय उरतो, या मुद्द्यावर भर द्यावा. अर्जदार म्हणून एखादा निवडून आलेला सदस्य पुढे आला तर बरे, कारण त्याचा हक्क थेट डावलला गेलेला असतो आणि 'आपला संबंध काय' या पहिल्याच प्रश्नावर प्रकरण अडत नाही.